सतरा नंबरचा दिवा

आण्णांच्या मोटरसायकलच्या दिव्यात पाणी कोण घालतं, हा त्या हिवाळ्यात आमच्या घरातला सगळ्यात मोठा प्रश्न होता. पाणी कुठून येतं, असं आण्णांनी कधी विचारलं नाही. त्यांचा प्रश्न पहिल्यापासून ‘कोण’ असाच होता. भोसरीत आम्ही आठ खोल्यांच्या एका रांगेत राहायचो. शेवटच्या खोलीपुढं पत्र्याची शेड होती, तिथं ती जुनी काळी मोटरसायकल उभी असायची. आण्णा चाकणच्या एका कंपनीत फिटर होते आणि पहिल्या शिफ्टला पोचायचं म्हणून पहाटे सव्वापाचला घर सोडायचे. त्या वेळचे आवाज मला अजून क्रमानं आठवतात. आधी स्टोव्हला पंप मारल्याचा, मग आईच्या बांगड्यांचा आणि भाकरी थापल्याचा, मग शेडमधून किकचा. चौथ्या-पाचव्या किकला इंजिन धरलं की आण्णा ओरडायचे, “आजबी घातलंय बघ पाणी.” मी गोधडीतून उठून दारात यायची. हेडलाइट लागलेला असायचा, पण काचेला आतून वाफ धरलेली, खालच्या कडेला थेंबांची रांग, आणि उजेड ताकासारखा पांढुरका. दोन हातांपलीकडचं दिसायचं नाही. आण्णा काचेवरून रुमाल फिरवायचे, ओल आतून असल्यामुळं काही फरक पडायचा नाही, आणि ते तसेच निघून जायचे. मोशीच्या पुढं इंद्रायणीचा पूल लागायचा, हिवाळ्यात त्यावर धुकं बसलेलं असायचं. तेव्हा त्या रस्त्याला खांब नव्हते. कंपन्या मोजक्याच होत्या, बाकी सगळी कांद्याची शेतं. आज तिथून जाताना कंटेनरच्या रांगेत माझा तासभर जातो, तेव्हा आण्णा तिथून एकटे, आंधळ्या दिव्यानं कसे जात असतील याचा विचार मी हटकून करते.

आण्णा स्वभावानंच संशयी होते. टाकीतलं पेट्रोल ते रोज संध्याकाळी झाडूच्या काडीनं मोजायचे आणि काडीवर नखानं खूण करून ती देव्हाऱ्यामागं ठेवायचे. दूधवाल्याकडं पाठ करून ते कधी उभे राहिले नाहीत. आईनं बाजारातून आणलेल्या भाजीची जुडी उलटी करून बघायचे. त्या हिवाळ्यात त्यांचा संशय शेजारच्या शिंदेकाकांवर होता, कारण नळावरून दोघांचं वाजलेलं होतं. शिंदेकाका आपली सायकल आमच्या शेडशेजारी धुवायचे, एवढाच पुरावा. एका संध्याकाळी आण्णांनी बंबातली राख चाळली आणि मोटरसायकलभोवती बारीक थर पसरला, रात्रीतून कोण येतं ते पावलांवरून कळावं म्हणून. पहाटे राखेत पावलं सापडली ती आईची. दोरीवरून पडलेला टॉवेल उचलायला ती गेली होती. आण्णांनी तिला विचारलं, “तू कशाला गेली होतीस तिकडं?” आई त्यानंतर दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. डबा भरून ओट्यावर ठेवायची आणि भिंतीकडं बघून सांगायची की डबा तयार आहे. मला तेव्हा हसू यायचं. आपणही त्याच घरात वाढतोय, त्याच ताटात जेवतोय, हे माझ्या ध्यानात नव्हतं.

दिव्यावर उपाय बरेच झाले. हेडलाइटची काच आणि मागची चकचकीत वाटी असा सगळा डूम काढून आण्णा रविवारी पाण्याच्या टाकीच्या झाकणावर उन्हात ठेवायचे. दुपारपर्यंत तो आतून कोरडा खडखडीत व्हायचा, आणि मंगळवारी पुन्हा ओला. आईनं तांदळाची पुरचुंडी बांधून दिली, तांदूळ ओल ओढतात म्हणून. ती बल्बच्या मागं कोंबल्यावर करपल्याचा वास आला, तेवढंच. कुणीतरी दातांची पावडर सांगितली. तिनं काच बाहेरून अगदी आरशासारखी झाली आणि आतली वाफ आणखी स्पष्ट दिसायला लागली. शेवटी आण्णांनी कंपनीतून दोन रंगांची मळून लावायची पुट्टी आणली आणि डूमला जिथं जिथं फट, भोक, सांधा दिसला तिथं तिथं ती थापली. आता शिंद्यानं घालून दाखवावं पाणी, असं ते आईला म्हणाले. त्यानंतर दिव्यात वाफेच्या जागी खरोखरचं तळं साचायला लागलं.

त्याच सुमाराला मी नोकरीला लागले होते. बारावी झाल्यावर आळंदी फाट्याच्या पुढं एका कंपनीत मला काम मिळालं. कंपनी गाड्यांचे दिवेच बनवायची, आणि माझी जागा तपासणीच्या टाक्यांवर होती. तयार डूम साच्यात अडकवायचा, मागच्या तोंडाला हवेची नळी लावायची, पाण्यात बुडवायचा आणि वीस आकडे म्हणेपर्यंत बघत राहायचं. बुडबुडा आला नाही तर हिरवा शिक्का. बारीकसा जरी बुडबुडा सुटला तरी लाल रंगाची फुली मारून तो जाळीच्या खोलीत टाकायचा. दोन्हीवर तपासणाऱ्या मुलीचा नंबर उठवायचा. माझा नंबर सतरा. मला त्या नंबराचा इतका अभिमान होता की पहिल्याच दिवशी घरी येऊन मी तो सगळ्यांना सांगितला. माझा थोरला भाऊ, दिगूदादा, मला नावानं हाक मारायचं सोडून ‘ओ सतरा नंबर, चहा टाका’ म्हणायला लागला. दादा एका खोक्यांच्या कारखान्याचा टेंपो चालवायचा. पुठ्ठ्याची खोकी घेऊन तो सगळ्या कंपन्यांत फिरायचा, आठवड्यातून दोनदा आमच्याही गेटात यायचा.

अठरा नंबर सुरेखाचा होता. ती माझ्या शेजारच्या टाकीवर, माझ्याआधी दोन वर्षं लागलेली. आळंदीची. घरी ती आणि तिची आई, दोघीच. आई तुळशीचे मणी ओवून माळा करायची. हिवाळ्यात त्या टाक्यांचं पाणी हाडात शिरायचं. बोटं दुपारपर्यंत सुरकुतून पांढरी पडायची. सुरेखा डब्यात गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून आणायची आणि चहाच्या सुट्टीत आम्ही दोघी आळीपाळीनं ती हातात धरायचो. काम तिनंच मला शिकवलं. दिवा श्वास घेतो, असं ती म्हणायची. लावला की आतली हवा तापून बाहेर जाते, विझवला की गार होताना बाहेरची आत ओढतो, आणि हवेबरोबर ओलही येते. म्हणून तळाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आलेली ओल त्यातून परत जावी; टाकीत तपासताना तेवढं भोक साच्यातलं बूच बंद करतं. मागची रबराची टोपी मात्र धड पाहिजे. ती तडकली की रस्त्याचं पाणी थेट आत. कामावरून सुटताना सुरेखा जाळीच्या खोलीकडं जायची, कारण तिच्या दाराशीच पॅकिंगमधून उरलेल्या फोमच्या तुकड्यांचं पिंप असायचं. पोत्यावर दिवसदिवस बसून आईच्या मांड्या बधिर व्हायच्या, म्हणून ते तुकडे शिवून ती तिच्यासाठी गादी करत होती. एकदोनदा मीही तिला तुकडे निवडायला मदत केली.

हे सगळं शिकून मी घरी आण्णांना सांगितलं की तुम्ही पुट्टीनं जे भोक बुजवलंय तेच दिव्याचं नाक आहे. आण्णांनी विचारलं की मला हे शिंद्याच्या बायकोनं सांगितलं का.

मग एका पहाटे आण्णा पुलाच्या अलीकडं रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगावर गेले. मोटरसायकल अंगावर पडली. गुडघा फुटला आणि डाव्या हाताची दोन बोटं सुजून केळ्यासारखी झाली. दुधाच्या गाडीवाल्यानं त्यांना घरी आणून सोडलं. आई त्यांच्या गुडघ्याला हळद लावत होती. दादा दारात उभा राहून वाकड्या झालेल्या हँडलकडं बघत होता. त्यानंतरच्या रविवारी तो कागदात गुंडाळलेला एक डूम घेऊन आला. आण्णांच्याच गाडीचा. ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला होता, पण त्याचे दिवे जुन्या गाड्यांसाठी अजून बनायचे. आमच्याच कंपनीत बनायचे. कुठून आणला, असं मी विचारलं. एका मित्राकडून, एवढंच तो म्हणाला, आणि डूम माझ्या हातात न देता स्वतः बसवायला गेला. बसवताना त्याची पाठ माझ्याकडं होती. आण्णांनी एरवी दहा प्रश्न विचारले असते. पण त्या दिवशी दिवा लागला, शेडची मागची भिंत लख्ख उजळली, आणि ते लहान मुलासारखे हसले. आईनं येसराची आमटी केली होती. सगळे पोटभर जेवले. मी जेवताना दादाकडं बघत होते आणि तो माझ्याकडं बघत होता, आणि नजर मिळाली की दोघंही ताटात बघत होतो.

कंपनीत त्याच आठवड्यात कुजबुज सुरू झाली. लाल फुलीचे दिवे बाजारात मिळतायत, फुली पुसून कुणीतरी विकतंय, असं साहेबांना कळलं होतं. सुटताना गेटवर मुलींच्या पिशव्या उघडून बघायला लागले, डब्याची झाकणंसुद्धा. सुरेखाच्या पिशवीतले फोमचे तुकडे गेटवाल्यानं बाहेर काढून टेबलावर मांडले आणि मग कंटाळून परत भरायला सांगितले. टाक्यांवरच्या आम्ही आठजणी एकमेकींच्या हातांकडं बघायला लागलो. चहाच्या सुट्टीत कुणी उठून गेली की ती परत येईपर्यंत बोलणं बंद.

बारा-पंधरा दिवसांनी आण्णांच्या नव्या दिव्यातही वाफ धरली. आण्णांनी शिंदेकाकांच्या दाराकडं बघितलं. मी मात्र दुसऱ्या पाळीला जाणार होते, सकाळ रिकामी होती आणि आण्णा अजून रजेवर होते, म्हणून पान्हा घेतला आणि डूम उतरवला. रबराची टोपी नवी होती, तळाचं भोक उघडं होतं. मग मी बादलीत पाणी घेतलं, मागचं तोंड तळहातानं दाबून धरलं, त्या भोकाला सायकलच्या व्हॉल्व्हची नळी लावून तोंडानं फुंकलं आणि डूम बुडवला. उजव्या वरच्या कोपऱ्यातून, काच आणि वाटीच्या सांध्यातून, मोत्यांसारखी बुडबुड्यांची सर निघाली. असा दिवा आमच्याकडून पास होऊन बाहेर जाणं शक्य नव्हतं. मी तो पुसून उलटा केला. मागच्या बाजूला शिक्का होता, सतरा. त्याच्याशेजारी प्लास्टिकच्या खाचांत लाल रंगाचे कण अडकलेले होते. फुली पेट्रोलनं पुसली होती, खाचांतून निघाली नव्हती.

हा दिवा मी स्वतः नापास केला होता. तो जाळीच्या खोलीत गेला होता. तिथून तो आमच्या शेडमध्ये आला होता, आणि घेऊन येणारा माणूस आठवड्यातून दोनदा कंपनीच्या गेटातून आत-बाहेर करत होता. मागं वळून बघितलं तर दादा खोलीच्या दारात चहाचा कप घेऊन उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्यानं विचारलं, काय झालं गं? मी म्हणाले, काही नाही, टोपी सैल होती. तो आणखी थोडा वेळ थांबला, जणू मी पुढं काही म्हणेन म्हणून, आणि मग आत गेला. मी डूम परत बसवून टाकला.

पुढचे दिवस आठवले की मला स्वतःची किळस येते. मी दादाचे खिसे तपासले. त्याचा टेंपो उभा असला की ताडपत्री उचलून बघायची. तो कुणाशी बोलतो, कुणाच्या दुकानात थांबतो, हे मी शिंदेकाकांच्या पोरीकडून काढून घ्यायची. खिशात मला एका भंगाराच्या दुकानाची चिठ्ठी सापडली, चाकण रस्त्यावरच्या, आणि माझी खात्रीच पटली. त्याला पकडलं तर आण्णा जिवंत राहणार नाहीत असं मला वाटायचं. जन्मभर साऱ्या जगावर संशय घेतलेला माणूस. चोर घरातच निघाला तर त्याचं काय होईल? म्हणून मी गप्प राहिले. झोपताना मधे फक्त आईचं अंथरूण, पलीकडं दादा. तोही जागा आहे हे मला त्याच्या श्वासावरून कळायचं.

एका शनिवारी पर्सोनेलच्या, म्हणजे कामगारांचं बघणाऱ्या साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर तीन डूम उलटे ठेवलेले. दोनांवर सतरा, एकावर अठरा. आरडाओरडा त्यांनी केला नाही, केला असता तर बरं झालं असतं. शांतपणे त्यांनी विचारलं की तपासणीतून नापास झालेले दिवे बाहेर कसे जातात, तुला काही माहीत आहे का, घरचं कुणी या लाइनीत आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर टाळायला काहीतरी दुसरं बोलणं भाग होतं. मी म्हणाले, “सुरेखा सुटताना रोज जाळीच्या खोलीकडं जाते, साहेब.”

वाक्य खरं होतं. त्यांनी ते लिहून घेतलं. ती कशाला जाते, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सोमवारी अठरा नंबरच्या टाकीवर दुसरी मुलगी होती.

त्यानंतरच्या रविवारी आण्णा जेवून झोपले होते, आई बाजारात गेली होती. नवा दिवा आंधळा झालाच होता, तेव्हा जुनाच नीट करावा म्हणून मी तो घेऊन शेडमध्ये बसले. खरं तर हातांना काम हवं होतं. आण्णांनी थापलेली पुट्टी स्क्रू-ड्रायव्हरनं टोकरत होते. दादा येऊन समोरच्या दगडावर बसला. सुरेखाला काढल्याचं त्याला गेटवर कळलं होतं.

मग तो खालच्या आवाजात म्हणाला, “नंदा, तुझ्या जागी ती पोरगी गेली. आता तरी थांबव.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, “मी काय थांबवू? दिवा तू आणलास.”

“मी विकत आणला. आण्णांच्या गाडीला टोपी शोधत होतो, तर भंगारवाल्याकडं डूम दिसला. उलटा केला तर तुझा नंबर. लाल फुली. मला वाटलं तू बाहेर काढतेस. कुणाच्या हाती लागू नये म्हणून उचलला, फुली मी पुसली. नंबर मुद्दाम ठेवला. म्हटलं, बघितल्यावर तू काय करतेस ते बघू. आणि तू बघितलंस आणि म्हणालीस, टोपी सैल होती.”

मी त्याला सांगितलं की मी इतके दिवस त्यालाच चोर समजत होते. त्याचे खिसे तपासले तेही सांगितलं. तो आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. एकाच घरात, चार हातांवर झोपून, एकमेकांना वाचवण्यासाठी आम्ही एकमेकांवर पाळत ठेवली होती, आणि दोघांनीही काहीच केलेलं नव्हतं. चोरी कशी होत होती ते मग दोघांनी मिळून जुळवलं, फार अवघड नव्हतं. नापास दिवे हातोड्यानं फोडूनच भंगारात द्यायचे असा नियम होता, पण फोडणारा माणूसही भंगाराच्या ठेकेदाराचाच होता. तो फोडतच नव्हता.

बोलता बोलता हात चालूच राहिले. पुट्टी सगळी काढली, तळाचं भोक सुईनं मोकळं केलं. त्यात वाळलेल्या मातीचा बोळा होता. टोपीला मधोमध तडा गेला होता. दादानं टेंपोतून नवी टोपी काढली, तीच शोधायला तो त्या दुकानात गेला होता. आतली वाटी मी मऊ ओल्या कापडानं नुसती टिपली, कारण घासलं की तिची चमक जाते. मग डूम उन्हात, तोंड खाली करून. संध्याकाळी सांध्याच्या कडेनं सिलिकॉनची बारीक रेघ ओढली, भोक सोडून. त्या दिव्यात पुन्हा वाफ कधी धरलीच नाही असं नाही. थंडीत काचेला किंचित धरायची आणि दहा मिनिटांत आपोआप जायची, ती तशी जायलाच हवी. आण्णांना मी मातीचा बोळा दाखवला. ते तो बोटांत फिरवत म्हणाले, “शिंद्यानंच कोंबला असंल.”

सोमवारी दादा आणि मी साहेबांपुढं उभे राहिलो. दुकानाचा पत्ता दादानं दिला. ठेकेदाराचा टेंपो गेटावर अडवला तेव्हा त्यात पोतंभर न फोडलेले नापास दिवे निघाले. मी साहेबांना सांगितलं की सुरेखा फोम न्यायला जायची आणि ते मला पहिल्यापासून माहीत होतं. त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं की मग त्या दिवशी का नाही सांगितलं. नंतर त्यांनी सुरेखाला परत कामावर या म्हणून पत्र पाठवलं. आठवडा गेला, ती आली नाही, म्हणून मी बस धरून आळंदीला गेले.

घाटाकडं उतरणाऱ्या एका बोळात त्यांची खोली होती. तिची आई त्या फोमच्या गादीवर बसून मणी ओवत होती. तिला मी कोण ते कळलं तरी तिनं ये बस म्हटलं आणि गुळाचा चहा केला. सुरेखा उंबऱ्याशी उभी होती. पत्र मिळालं, ती म्हणाली, पण तिला जायचं नव्हतं. एका ट्रस्टच्या भांडारात तिला काम लागलं होतं. मी तिला सगळं सांगितलं, दादाचं, शिक्क्याचं, आण्णांच्या भीतीचं. भराभर सांगत गेले, संपल्यावर ती मला माफ करणार अशा घाईत. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाली, “नंदे, तू माझ्यावर संशय घेतला असतास तर मला येवढं लागलं नसतं. बाकीच्या जणींनी घेतलाच की. पर तू घेतला न्हाईस. तुला ठावं व्हतं.”

मी चहा तसाच ठेवून उठले. ती मला बसस्टँडपर्यंत सोडायला आली. वाटेत ती कुणाकुणाला भेटली, सगळ्यांशी हसून बोलली, माझी ओळख मैत्रीण म्हणून करून दिली. बस लागल्यावर म्हणाली, नीट जा.

त्या कंपनीत मी पुढं सहा वर्षं होते. लग्न झालं, ताथवड्याला आले, मुलं झाली. दादा तळेगावला आहे. त्याच्या घरी जेवताना आम्ही हा किस्सा हसत सांगतो, भावाबहिणीनं एकमेकांना चोर समजल्याचा, आणि नातवंडं पोट धरून हसतात. त्या सांगण्यात सुरेखा नसते. कधी कुणी आठवण काढलीच तर मी म्हणते, तिच्याबाबतीत जरा गैरसमज झाला होता. हा शब्द मी नवऱ्यापुढं वापरला, मुलीपुढं वापरला, आणि हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा पहिल्या कच्च्या प्रतीतही तोच लिहिला होता. काल तो खोडला. गैरसमज दादाचा झाला, माझा दादाबद्दल झाला, आण्णांचा तर जन्मभर चालू होता. सुरेखाबद्दल माझा काहीही गैरसमज झाला नव्हता.